काचाईच्या पोटातली बांगडी

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी काचाईला नवस बोलले होते. हे चालत घरी येऊ देत, तुझ्यापुढे दोन डझन हिरव्या बांगड्या ठेवीन. काचाई हे माझ्या आईच्या माहेरचं दैवत. नाव ऐकलेलं, पाहिलं कधी नव्हतं. हे चालत घरी आले, आणि चैत्रात मी आईच्या माहेरी, रेणगावला गेले.

देऊळ असं काही नाहीच. ओढ्याकाठी चौथरा, वर पत्रा. चौथऱ्यावर नारळाएवढा काचेचा गोळा आहे, तीच काचाई. गोळ्याच्या पोटात एक हिरवी बांगडी आहे. ती गोल नाही, एका अंगाला जराशी दबलेली आहे. उन्हं कलली की तिची हिरवी सावली दगडावर पडते. देवीला हात नाहीत, म्हणून नवसाच्या बांगड्या शेजारच्या लाकडी खुंटीवर ओवतात.

मी ओवायला लागले तर पूजा करणाऱ्या पारूआक्कांनी मला एका डझनावर थांबवलं. म्हणाल्या, "देवीचं झालं. हे दुसरं डझन कुणाच्या मापाचं आणलंस?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि हे सांगितलं. त्यांनी त्यांच्या सासूकडून ऐकलेलं, सासूनं आणखी कुणाकडून.

फार पूर्वी रेणगावात काचाऱ्यांच्या भट्ट्या होत्या म्हणे. ओढ्याची वाळू आणि माळावरची खारी माती एकत्र वितळवून बांगड्या करायच्या आणि तट्टावर लादून गावोगाव विकायच्या. त्यातल्या निंबाजी काचाऱ्याचा मुलगा रखमाजी एका मार्गशीर्षात घाटापलीकडे फेरीला गेला. जाताना त्यानं बायकोच्या, राहीच्या, दोन्ही हातांत बांगड्या भरल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला येतो म्हणाला.

तो चैत्र गेला, पुढचेही दोन गेले. दळणकांडणात राहीच्या बांगड्या एकेक करून वाढत, म्हणजे फुटत, गेल्या. घरात भट्टी असून ती नव्या भरून घेईना. ते येऊन भरतील, म्हणायची. शेवटी डाव्या हातात एकच उरली.

चौथ्या वर्षी घाटापलीकडून आलेल्या एका वाण्यानं रखमाजीचा पेटारा आणला. नदीच्या उतारापाशी चिखलात सापडला होता. माणूस सापडला नव्हता. पंच बसले. पुरात गेला, असं ठरलं. अमावास्या झाली की दहाव्या दिवशी क्रिया करायची आणि राहीची बांगडी फोडायची.

राहीनं एवढंच विचारलं, की त्यांना गेलेलं पाहिलं कुणी? पाहिलेला माणूस समोर येऊन सांगेल तोवर ही बांगडी फुटू द्यायची नाही, असं तिनं ओढ्यावरच्या देवीपुढे बोलून ठेवलं होतं.

निंबाजीची बहीण गिरजा त्याच घरात राहायची. वयाच्या नवव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालेलं. ती तोंडानं फार कडू होती, असं सांगतात. म्हणाली, "रानात मांजर मेलं तर बघायला कोण जातं? म्हणून काय ते जित्तं असतं होय गं?"

निंबाजीची कोंडी झाली. पोरगा त्याचा, सून त्याची, पंचही त्याच्याच भाऊबंदातले. त्या संध्याकाळी त्यानं राहीला भट्टीपाशी बोलावलं आणि सांगितलं, "हातात राहिली तर फोडतील. माझ्याकडे दे."

मनगट रिकामं राहू नये म्हणून राहीनं त्याला हळदीचा दोरा बांधला आणि मगच बांगडी उतरवली.

बांगडी काचेत घालायची, असं निंबाजीनं मनाशी धरलं होतं. आधी त्यानं दुसरीच एक बांगडी घेऊन पाहिली. तिच्यावर तापून लाल झालेली काच ओतली आणि ती तिथल्या तिथे तडकली. थंड काचेला गरम काच सोसत नाही, हे तो शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा. घाईत स्वतःच विसरला. मग त्यानं राहीची बांगडी दिवसभर भट्टीच्या तोंडाशी ठेवून ऊब दिली. ऊब जरा जास्त झाली आणि बांगडी एका अंगाला दबली. त्यानं ती सारखी केली नाही. हात लावला असता तर मोडली असती. तशीच तिच्यावर काच ओतली आणि गोळा राखेत पुरला. काच सावकाश निवावी लागते. नऊ दिवस त्या राखेला कुणी शिवायचं नाही, असं त्यानं बजावलं. घरातल्या बायकांनी भांडी घासायलासुद्धा त्या ढिगातली राख घेतली नाही.

दहाव्या दिवशी पंच आले. गिरजानं राहीचा हात पाहिला आणि म्हणाली, हातात बांगडी तर नाहीच, मग काम झालं म्हणा की.

निंबाजीनं राखेतून गोळा काढून सगळ्यांपुढे ठेवला. शेजारी हातोडा ठेवला. "फोडायची ती ह्यात आहे," तो म्हणाला. "माझ्या पोराला मेलेलं ज्यानं पाहिलं असेल, त्यानं पहिला घाव घालावा."

कुणी उठेना. वाणी मान खाली घालून बसला, कारण त्यानंही पेटाराच पाहिला होता. मग गिरजा उठली. तिनं दोन घाव घातले. तिसऱ्याला म्हणे हातोड्याचा दांडा मोडला आणि गोळ्यावर ओरखडा नाही. काच घावाला टिकते का, असं मी पारूआक्कांना विचारलं. "टिकली," म्हणाल्या.

गिरजा मोडका दांडा धरून खाली बसली. गोळ्यातली हिरवी सावली तिच्या रिकाम्या मनगटावर पडली होती. निंबाजी तिच्यासमोर बसला. आयुष्यभर त्यानं गावच्या लेकीसुनांसाठी बांगड्या केल्या, पण बहिणीचं कपाळ पांढरं झाल्यापासून तिचा हात हातात घेतला नव्हता. तो घेऊन म्हणाला, "गिरजे, तुझ्या हाताचं माप मला अजून ठाऊक आहे."

गिरजा रडली म्हणतात. पण हात तिनं मागे घेतला नाही. त्यानं तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, आणि पंच उठून गेले. राहीनं तो गोळा ओढ्यावरच्या देवीच्या जागी नेऊन ठेवला, तीच ही काचाई.

रखमाजी पुढे आला की नाही, हे मीही विचारलं. कुणी म्हणतं सातव्या वर्षी आला, कुणी म्हणतं नाही आला. पारूआक्का म्हणाल्या, ते आम्ही कुणी विचारत नाही बाई. राही मरेपर्यंत बांगड्या घालत होती, एवढं माहीत आहे.

भट्ट्या गेल्या, काचारीही पांगले. पण आजही रेणगावात नवरा गेला म्हणून कुणाची बांगडी फोडत नाहीत. आणि आजही काचाईला नवस बोलला की एक डझन खुंटीवर ओवायचं आणि दुसरं आपल्या माणसांतल्या रिकाम्या हातात स्वतः भरायचं. माप माहीत असावं लागतं, तरच नवस फिटतो.

माझी थोरली जाऊ अकरा वर्षं रिकाम्या हातानं माझ्यासोबत भाकऱ्या थापत होती. तिचं माप मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर मी ते विचारलं. ती बराच वेळ परातीतलं पीठ मळत राहिली. मग पिठाचाच हात तिनं पुढे केला.

नवस असो नसो, तुमच्याही घरात असा एखादा हात असेल. एवढी कथा ऐकलीत, तर घरी जाऊन त्याचं माप तेवढं विचारा.