बासुंदी आधी कोण चाखणार?

करडवाडीच्या राजेसाहेबांनी थोरल्याच्या लग्नात नुसत्या मिरवण्यापायी हंडेच्या हंडे बासुंदी आटवली. पाहुणे जेवून गेले, निम्मे हंडे तसेच उरले. दुसऱ्या दिवशी दुपारी दवंडी पिटली, "गोरगरिबांना बासुंदीचं दान!"

हंड्यांना आंबूस वास सुटला होता. रांगेत पहिली उभी असलेली गोदाक्का वाटी पुढे करेना.

"का गं, आमचं दान नको?" राजेसाहेब गुरगुरले.

"हवं की, सरकार. पण विषबाधेच्या भीतीनं तुमचं ताट आधी दुसरा चाखतो. आमचं कोण चाखणार?"

राजेसाहेब खो खो हसले. "म्हणशील त्याला चाखायला लावतो. बोल, कोण हवा?"

"दान तुमचं, तेव्हा तुम्हीच चाखा."

राजेसाहेबांनी वाटी नाकाशी नेली मात्र, हंडे मुकाट्यानं उकिरड्यावर गेले.

धाकट्याच्या लग्नात पहिली पंगत गावाची बसली.