ज्येष्ठातली ओटी

एकदा एका राजाने आपल्या नदीवर एक अधिकारी नेमला. किल्ल्यावर किल्लेदार असतो, बाजारपेठेवर कोतवाल असतो, मग नदीनेच काय घोडे मारले आहे, असा त्याचा साधा विचार. अधिकारी म्हणून त्याने एका वृद्ध आचार्यांना बोलावले. त्यांचे काम एवढेच, की नदीकाठी ज्यांचे कारखाने आहेत त्यांनी नदीत किती सांडपाणी सोडावे, हे ठरवून द्यायचे. काम ऐकायला सोपे होते. सोपी दिसणारी कामे राजे लोक नेहमी म्हाताऱ्यांवर सोपवतात.

आचार्यांचा एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू आणि तरुण वयात हुशार माणसे असतात तितकाच घाईचा. त्याच्याकडे पहिले स्वतंत्र काम आले ते एका शेठजींच्या रंगशाळेचे. शेठजींच्या कढयांमधून निघालेल्या तांबड्या शालूला सात गावांतून मागणी होती. त्यांना आता कढया दुप्पट करायच्या होत्या. कढया दुप्पट म्हणजे कापड खळबळून निघालेले तुरटीचे आणि रंगाचे धुवणही दुप्पट. ते मोरीवाटे नदीतच जाणार, तेव्हा त्याला मर्यादा ठरवून हवी होती.

त्या राज्यात एक जुनी चाल होती. श्रावणात नदी दुथडी भरली, की राणीसाहेब घाटावर येऊन तिची ओटी भरत. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. सगळा दरबार त्या दिवशी घाटावर असे. पंच असत, मोजणीदार असत, दोऱ्या आणि काठ्या असत. तेव्हा नदीची मोजणीही त्याच दिवशी उरकून घ्यायची, अशी वहिवाट पडली होती. एकाच फेरीत देवाचेही काम आणि सरकारचेही. ती वहिवाट कोणी पाडली हे कोणाला आठवत नव्हते, आणि ज्याचा उगम आठवत नाही ते मोडायला सहसा कोणी धजत नाही.

शिष्यानेही त्याच दिवशी मोजणी केली, आणि मनापासून केली. रंगशाळेच्या मोरीखाली छातीइतक्या पाण्यात दोर धरून तो उभा राहिला. रंगशाळेतून धुवणाच्या घागरी आणवून त्या एकामागून एक ओतायला लावल्या आणि तांबडा पट्टा कुठवर दिसतो ते पाहिले. पट्टा चार हातांवर विरून गेला. शंभर घागरी ओतल्या तरी नदीला त्याचे काहीच नव्हते. त्याने अभिप्राय लिहिला, “रोज शंभर घागरी सोडण्यास हरकत नाही.” आणि तो आचार्यांपुढे ठेवला.

आचार्यांनी तो वाचला. मान डोलावली. “कष्ट घेतलेस,” ते म्हणाले. पण मोहोर काही उमटवली नाही.

“काही चुकलं का, गुरुजी?”

“मोजणीत चूक नाही. मोहोर ज्येष्ठात उमटवू.”

“ज्येष्ठात? आचार्य, तोवर माझी लग्नसराई संपेल!” शेठजी कळवळून म्हणाले. त्यांचे खरे होते. तांबडा शालू विकला जातो तो माघापासून वैशाखापर्यंत. पण आचार्यांनी मोहोर परत पेटीत ठेवली. थंडी ओसरताच ते नदीच्या उगमाकडची गावे पाहायला निघून गेले. दफ्तर शिष्याच्या हाती राहिले.

शेठजी माणूस वाईट नव्हते, हे इथे सांगून ठेवले पाहिजे. गोष्टीतला व्यापारी लबाडच असायला हवा असा काही नियम नाही. ते शिष्याकडे आले, घोंगडीवर बसले आणि म्हणाले, “मोजणी तुमची, आकडा तुमचा. आचार्यांनीही चूक नाही म्हणून सांगितलं. मोहोर नंतर उमटू द्या. तुमचा शब्द मला पुरे आहे.”

आपला शब्द कोणाला तरी पुरतो आहे, हे त्या वयात ऐकायला फार गोड वाटते. शिष्याने शब्द दिला. रंगशाळेत नव्या कढया चढल्या.

वैशाखाच्या मध्यावर दफ्तराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिचे नाव सुंद्रा. रंगशाळेच्या खाली, नदीच्या वळणावर एक डोह होता, आणि डोहाच्या काठी भोयांची वस्ती होती. तिथली ती. तिच्या पदरात काहीतरी गुंडाळलेले होते. तिने ते उंबऱ्यावर सोडले. मेलेले मळवे मासे होते, पांढरे पडलेले.

“डोह भरलाय असल्यांनी,” ती म्हणाली. “पोरांच्या अंगाला खाज सुटलीया. पानी पिलं की वकाऱ्या येत्यात. दुसरं पानी कुठलं आनू? मिरगापत्तुर असंच ऱ्हायलं तर आमी वस्ती उठवनार. घरधन्यानं चुलीचं धोंडंबी हलवून ठिवल्यात.”

शिष्य तडक रंगशाळेत गेला. त्याला वाटले, शेठजींनी शब्द मोडला. मोरीच्या तोंडाशी तो सबंध दिवस बसून राहिला आणि घागरी मोजल्या. शंभराच्या वर एकही नाही. उलट दोनचार कमीच. शेठजींनी त्याला ताकही पाजले.

मग तो वस्तीवर गेला. सुंद्रा वाट पाहत होती. “मी स्वतः पाहिलं,” तो म्हणाला, “ते मर्यादा पाळताहेत.”

“पाळत्यात?” ती म्हणाली. “मग मासं कशानं मेलं?”

कोणी गुन्हा केला असता तर बरे झाले असते, असे त्याला त्या क्षणी वाटले. गुन्हेगाराकडे बोट तरी दाखवता येते. इथे सगळे नियमाने चालले होते, आणि तो नियम त्याचा होता. त्याला लाज वाटली. वस्तीतल्या एका झोपडीपुढे गाठोडी बांधून ठेवलेली त्याने पाहिली, आणि परत येताना नदीकडे बघायचेही टाळले.

ज्येष्ठ लागताच आचार्य परतले. शिष्याने दिलेला शब्द, मेलेले मासे, मोजलेल्या घागरी, सगळे जसेच्या तसे सांगितले. आता आपल्याला घरी पाठवतील, अशी तयारी ठेवून तो उभा राहिला.

आचार्य रागावले नाहीत. त्यांनी आपल्या पंच्याची घडी घातली. मग म्हणाले, “उद्या सकाळी ओटीचं ताट तयार ठेव. नदीची ओटी भरायची आहे.”

“आत्ता? ज्येष्ठात?”

“खण पिवळा घे,” आचार्य म्हणाले. “आणि शेठजींना निरोप धाड. डोहावरच्या त्या बाईलाही बोलाव.”

बातमी गावभर झाली. म्हातारपणी बुद्धी फिरली, असे चारचौघे म्हणाले. ओटी भरायची ती नदी भरलेली असताना. रोडावलेल्या नदीची ओटी कोणी भरतो का? राणीसाहेबांना वाईट वाटेल, असेही कोणी काळजीने बोलले. राणीसाहेब त्या वेळी थंड हवेच्या गडावर होत्या.

सकाळी सगळे नदीवर जमले. आचार्य घाटावर थांबले नाहीत. वाळूतून चालत ते रंगशाळेच्या मोरीखाली आले. श्रावणात शिष्य जिथे छातीभर पाण्यात उभा होता, तिथे आता धोंड्यांमधून घोट्याएवढे पाणी सरकत होते. आचार्यांनी ताट सुंद्रापुढे धरले.

“भर ओटी, बाई.”

सुंद्राने एकदा ताटाकडे आणि एकदा आचार्यांकडे पाहिले. “हिची? हिला आता काय सोसनार, बाबा?” पण हळदकुंकू दिसल्यावर तिने पदर खांद्यावरून घेतला, वाकली, आणि नदीला हळदकुंकू वाहून खण, तांदूळ, नारळ पाण्यात सोडले.

श्रावणात राणीसाहेबांचा नारळ हातून सुटला की दिसेनासा होई. हा नारळ सुटला आणि दोन धोंड्यांमध्ये जाऊन बसला. तांदूळ तिथेच तळाशी बसले. खण नारळाला गुंडाळला गेला. सगळे उभे होते. ऊन चढू लागले. रंगशाळेत सकाळचे कापड धुवायला सुरुवात झाली आणि मोरीतून पाणी आले. नारळाभोवतीचे पाणी आधी गुलाबी झाले, मग तांबडे. पिवळा खण हळूहळू बदलत गेला. तुरटीच्या उग्र वासाने शेठजींनी नाकाला उपरणे लावले. ते आपल्याच मोरीजवळ इतका वेळ कधी उभे राहिले नसावेत.

“शेठजी,” आचार्य म्हणाले, “हा खण उचलून तुमच्या लेकीच्या ओटीत घालाल?”

शेठजींनी खणावरून नजर काढून घेतली.

मग आचार्य शिष्याकडे वळले. “तुझी मोजणी चुकली नव्हती. दिवस चुकला होता. एखाद्याच्या घरची ऐपत लग्नाच्या पंगतीवरून ठरवू नये. चूल सगळ्यात मंद पेटते त्या दिवशी जाऊन बघावी. नदी श्रावणात शंभर घागरी पोटात घालते, म्हणून ज्येष्ठातही घालेल असं तू धरलंस. आणि शेठजींचा तांबडा रंग खपतो तो नेमका तिच्या उपासाच्या महिन्यांत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हे अंथरूण उन्हाळ्यात आटतं, हे ध्यानात ठेवावं लागतं. दुसरं, तू उभा राहिलास तो मोरीपाशी. इथं उभं राहिलं की रंग कुठं विरतो एवढंच दिसतं. उभं राहायचं डोहावर, जिथं माणसं पाणी पितात. तिथल्या पाण्यात काय चालेल आणि काय चालणार नाही ते आधी ठरवायचं, आणि हिशेब तिथून मोरीकडे वर आणायचा. वरून खाली नाही.”

“मग माझं काय?” शेठजी एकदम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता आणि भीतीही. “मी एक घागर जास्त सोडली नाही. माझ्या कढयांवर साठ घरं जेवतात. पुढच्या लग्नसराईतही रंग बंद ठेवू?”

“तुमचा दोष नाही, शेठजी. पण मर्यादा दोन असतात. एक तुमच्या कसबाची. चुन्याने निवळवून, हौदात बसवून, एकदा वापरलेलं धुवण दुसऱ्या कापडाला वापरून चांगला रंगारी जेवढं पाणी स्वच्छ करू शकतो, तेवढं त्यानं केलंच पाहिजे. नदी मोठी आहे ही त्याची सबब नाही. दुसरी मर्यादा नदीची. या दोन्हींत जी आखूड असेल तिच्यात राहायचं. उन्हाळ्यात नदीची आखूड, तेव्हा हौद बांधा आणि पाणी धरून ठेवा. पावसाळ्यात ती तुम्हाला थोडी सैल सोडील. पण तेव्हाही नदी सोसू शकते तेवढं सगळं तुम्हाला एकट्याला मिळणार नाही. उद्या वरच्या अंगाला कोणी कातडी कमावणारा येईल. त्याच्यासाठी आणि आपल्या चुकांसाठी थोडी जागा शिल्लक ठेवली पाहिजे.”

“आणि हौद बांधून होईस्तोवर?”

“तोवर मोरी बंद.”

शेठजींनी त्या नारळाकडे पाहिले. कोणी न सांगता ते पाण्यात उतरले, वाकून त्यांनी खण उचलला, पिळला. त्यांच्या बोटांना रंग लागला. तो त्यांना नवा नव्हता. खण हातात धरूनच ते रंगशाळेकडे गेले, आणि थोड्या वेळाने मोरीतून पाणी यायचे थांबले.

साठ घरांना त्या मोसमात हौद खणण्याचे काम मिळाले, आणि रंगाऱ्यांनी माती उपसताना आचार्यांना यथास्थित शिव्या दिल्या. शिष्य मात्र त्या दिवशी दफ्तरात गेला नाही. तो डोहावर जाऊन बसला. नवा आकडा त्याने तिथे बसून काढला. जुन्या आकड्यापुढे तो इतका लहान होता, की त्याने तो पुन्हा एकदा पडताळून पाहिला. आचार्यांनी त्यावर त्याच संध्याकाळी मोहोर उमटवली. मृगाचे पाणी आले, डोह वाहता झाला, आणि सुंद्राच्या घरी चुलीचे धोंडे पुन्हा जागेवर बसले. झोपडीपुढे बांधून ठेवलेली ती गाठोडी मात्र सुटली नाहीत; ते कुटुंब आधीच निघून गेले होते. शिष्याने त्यांचा शोध घेतला. ते सापडले नाहीत.

पुन्हा श्रावण आला. घाटावर दरबार भरला. राणीसाहेबांनी ओटी भरली, नारळ हातून सुटला आणि दिसेनासा झाला. लोकांनी जयजयकार केला. मोजणीदाराने वहिवाटीप्रमाणे दोर आणि काठी शिष्यापुढे आणून धरली. शेठजी शेजारीच होते. भरलेली नदी पाहून त्यांच्याही मनात जुने विचार आले असतील, तर त्यात नवल नाही.

शिष्याने दोर हातात घेतला. पाण्याकडे पाहिले. मग दोर नीट गुंडाळून त्याने मोजणीदाराला परत दिला.

“आज राहू दे,” तो म्हणाला. “आज तिला काहीही विचारलं तरी ती होच म्हणेल. ज्येष्ठात विचारू.”

घाटाच्या वरच्या पायरीवर आचार्य बसले होते. त्यांनी ते ऐकले, आणि काठी टेकून ते उठले. इथले त्यांचे काम झाले होते.

आपणही कोणाच्या सोसण्यावर आपला हिशेब बसवत असू, तर तो त्याच्या भरल्या दिवसावर बसवला आहे की आटल्या दिवसावर, एवढे एकदा पाहावे.