दोन सावल्यांची काठी

एका राज्यात ग्रह आभाळात राहत नसत, डोंगरांच्या कडेकडेनं चालत. त्या राज्याचा राजा धवलसेन सिंहासनावर दगड होऊन बसला होता. करकोट मांत्रिकाला त्यानं हद्दपार केलं, तेव्हा जाता जाता मांत्रिक बोलला, "शनीची दृष्टी मंगळावर आहे तोवर तू दगड. दृष्टी सुटेल त्या दिवशी राणीनं दहीभाताचा घास भरवला, तर माणूस होशील. दिवसाआधी भरवला तर कायमचा दगड. दिवस उलटला तरी दगडच."

राणी केतकावळी रडत बसली नाही. दगडाच्या खांद्यावर शाल घातली आणि राज्य हाकू लागली.

एके सकाळी मंगळानं राशीची शीव ओलांडली. राजाचा धाकटा भाऊ जयंगसेन धावत आला. "वहिनीसाहेब, मंगळानं घर सोडलं. दृष्टी सुटली. घास भरवा."

राणीनं राजजोशी मोरभटांकडे पाहिलं.

"घर सुटलं म्हणून नजर सुटत नाही," मोरभट म्हणाले. "ग्रहाचा उजेड शिवेपलीकडंही पडतो. त्याला आम्ही दीप्तांश म्हणतो. दोघांचे उजेड भिडतात तोवर दृष्टी आहे. पण उजेड किती लांब पडतो, त्यावर ग्रंथांचं जुळत नाही."

"तुमचं मत सांगा."

"चुकलो तर राजा जाईल, राणीसाहेब. छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

"खरं बोललात, तेवढं पुरे."

तटावर भारद्वाज पक्षी बसला होता. लाल डोळा फिरवून तो बोलला, "बाई, उजेड जाऊन बघावा. तीन कामं कर. मंगळाच्या उजेडाच्या कडेची माती आण. शनीच्या उजेडाच्या कडेची माती आण. दोन्ही कालवून मधल्या माळावर काठी रोव. काठी सांगेल तेच ऐक. हे तिसरं काम अवघड."

"काठी रोवायला काय अवघड?"

"काठी अवघड नव्हे, माणसं अवघड."

राणी मंगळाकडं गेली. मंगळ घाईत होता. "वाट सोड," तो म्हणाला.

"सोडते. तुझा उजेड कुठं संपतो तेवढं बघून."

ती तापल्या दगडांवरून चालत राहिली. तळवे भाजले. बांगड्यांवरची मंगळाची लाली जिथं विझली, तिथली माती तिनं ओच्यात बांधली.

मग ती शनीकडं गेली. शनी लंगडत चालला होता. "माझ्यापुढं सगळे माना खाली घालतात. तू नाही घालत?"

"नवरा दगड झालाय. आणखी काय करशील?"

शनी हसला. "जा, बघ. माझा उजेड मंगळाहून थोडा लांब जातो." तो उजेड जिथं संपला, तिथली निळसर माती तिनं उचलली.

दोन्ही माती कालवून मधल्या माळावर तिनं काठी रोवली. काठीला दोन सावल्या पडल्या, एक तांबडी, एक निळी. म्हणजे दृष्टी होती. राणी दहीभाताचं वाडगं घेऊन तिथंच बसली.

मंगळ लांब जाऊ लागला, तांबडी सावली दोऱ्याएवढी बारीक झाली. जयंगसेन दरबार घेऊन माळावर आला. "सुटत आली म्हणजे सुटलीच की, वहिनीसाहेब."

"गाय व्यायला आली म्हणजे व्याली नव्हे, भावोजी."

"लोक म्हणतात, राणीलाच राजा दगड बरा वाटतो."

एरवी असल्या एका बोलासाठी तिनं चारचौघांत माणसं शब्दांनी उभी चिरली होती. हा बोल मात्र तिनं पाण्यासारखा गिळला. डोळा काठीवरून काढला नाही.

भर दुपारी तांबडी सावली पुसली. काठीला एकच सावली उरली.

राणी उठली ती थेट सिंहासनापाशी. दगडाच्या ओठाला घास लावला. ओठ ऊन झाले. राजानं घास चावला आणि तोंड वाकडं केलं.

"भात आंबलाय."

"वाट बघून आंबलाय. गुमान गिळा."

राजानं गिळला, आणि दुसरा घास आपल्या हातानं घेतला. करकोटाची विद्या त्याच घटकेला जळाली. वेळेआधी घास भरवायला लावणाऱ्या जयंगसेनाला शनीच्या डोंगराखालचं ठाणं मिळालं, तिथं रोज शनीच्या नजरेसमोर बसायचं. मोरभटांनी काठीपाशी चौथरा बांधला.

राजावरची वाकडी नजर जशी वेळेवर सुटली, तशी ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांवरचीही सुटो.