काजव्याचा दुसरा भाग

"पण बाबा, माणसं भ्यायलीच नाहीत तर मी करू काय?"

जिवाबाबांनी मान वर केली नाही. देवीचा मुखवटा मांडीवर घेऊन ते तिच्या गालाला पिवळा रंग देत होते.

"पाणी प्यालास?"

"पाणी नको. उत्तर हवंय."

"मग थांब. गाल ओला आहे."

मकरंद खैरनार थांबला. थांबायची सवय मोडली होती त्याची. आता त्याच्यासाठी माणसं थांबत.

मिसरूडही धड फुटलं नव्हतं तेव्हा ह्याच ओट्यावर तो एक अख्खा हंगाम राहिला होता. करंजपाड्याचा बोहाडा शिकायला. बोहाडा म्हणजे वर्षातून एकदा मुखवटे चढवून देवादैत्यांची सोंगं नाचवायची, साऱ्या गावानं मिळून. जिवाबाबा त्या सोंगांचे गुरू. त्यांच्या हाताखालून निघाला तो थेट मुंबईला गेला, सिनेमावाला झाला, आणि त्यानं 'काजवा' काढला.

काजवा म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा एक साधा वायरमन. तारेचा झटका बसतो, आणि तेव्हापासून अंधारात त्याचं अंग उजळतं. उजळलं की हत्तीचं बळ. पण उजळलं की लपायची सोय नाही, मारेकऱ्याला लांबूनच दिसणार. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. पोरं चमकीचा रंग फासून गणपतीत नाचली होती.

आता दुसरा भाग तयार होता. आणि मकरंद पुन्हा ह्याच ओट्यावर येऊन बसला होता.

"सांग आता," बाबा म्हणाले. "झालं काय?"

"नाशकात गुपचूप एक खेळ लावला. काजव्याच्या वेड्या चाहत्यांनाच तेवढं बोलावलं. नाचत आली माणसं, बाबा! पडद्यावर नाव आलं तेव्हा वाटलं, छप्पर उडतंय. आणि मग..."

"मग?"

"मग गप्प झाली."

"रडली?"

"नाही."

"शिव्या दिल्या?"

"दिल्या असत्या तर पाय धरले असते मी त्यांचे! उठली आणि गेली. एक बाई दाराशी थांबून म्हणाली, 'छान आहे हो.' सुतकाच्या घरून निघताना बोलतात ना, तसं."

बाबांनी कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

"निर्माता म्हणतो, शेवटाला आणखी दोन राक्षस घाला. शेवट पुन्हा करायचा की आहे तसा सोडायचा, हे मला आज दिवस मावळायच्या आत सांगायचंय. चुकलो तर काजवा संपला. आणि त्याच्याबरोबर मीही."

"तुझ्या काजव्याला आता काय काय येतं?"

एवढ्या भीतीतही मकरंदची छाती जराशी फुगली.

"काय येत नाही ते विचारा! उडतो. भिंतीपलीकडचं दिसतं त्याला. पाठीमागून कोण येतंय तेसुद्धा. आधी एक गल्ली उजळायचा, आता अख्खं शहर उजळतो."

"जखम?"

"होते. लगेच भरते."

"हाक कुणाला मारतो?"

"हाक? कशाला? तशी वेळच येत नाही त्याच्यावर."

बाबांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मकरंदला ते आवडलं नाही. "तुम्ही तरी काय करता, बाबा? दरसाल तोच म्हैसासुर, तीच देवी. कोण मरणार ते पाळण्यातल्या लेकराला ठाऊक. तरी दरसाल बाया किंचाळतात. मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. नवीन घालता तरी काय त्यात?"

"रंग."

"आणि?"

"रंगच. नाक तेच ठेवतो. नाक बदललं तर माणसं विचारतील, ही कोण बया?"

"मी एवढ्या लांबून कोडी ऐकायला नाही आलो. खेळ रचायला मला येतं. ती भीती कुठून येते, तेवढंच सांगा."

"सांगून येत असती तर सांगितली असती." बाबांनी मुखवट्याच्या गालावर बोट टेकवून पाहिलं. "आज सराव आहे. देवी तू नाच."

मकरंदला क्षणभर खरं वाटेना. त्या हंगामात त्याच्या वाट्याला माकड आलं होतं, वेताळ आला होता. देवीच्या मुखवट्याला हात लावू दिला नव्हता. त्याला वाटलं, आपण मोठे झालो ते म्हाताऱ्याला कळलं एकदाचं.

गाल वाळला तेव्हा उन्हं कलली होती. खळ्यात माणसं जमली. लहानूनं संबळ गळ्यात अडकवला. समोर म्हैसासुर उभा होता: देवराम, गिरणीवाला, खांद्यांनी दार अडवेल असा. डोक्यावर शिंगांचा मुखवटा, पायात घुंगरू, हातात तलवार.

"बोथट असेल ना?" मकरंदनं हळूच विचारलं.

"बोथट घेऊन कोण मारायला येतं?"

बाबा त्याच्या तोंडावर मुखवटा बांधू लागले. गाठ मारणाऱ्या हाताची करंगळी अर्धीच होती. ती कशानं गेली, हे मकरंदनं कधी विचारलं नव्हतं. आत्ताच ते आठवायला नको होतं.

मग अंधार पडला.

"बाबा, दिसत नाही!"

"डोळे रंगवलेले आहेत. भोकं नाहीत त्यांना."

"मग देवी नाचते कशी?"

"ओठाच्या फटीतून खाली बघ. काय दिसतं?"

"माझे अंगठे."

"तेवढं पुरतं."

"आणि देवराम? त्याला तरी दिसतं ना?"

"त्याला तर अंगठेपण दिसत नाहीत."

मकरंदच्या तोंडचं पाणी पळालं. आत आपलाच श्वास आपल्याच गालावर येत होता, तापलेल्या भाकरीच्या वाफेसारखा. "मग मी कुठं आहे हे त्याला कोण सांगतं? आणि तो कुठं आहे हे मला? सांगा ना, बाबा!"

"मुखवटा चढला. आता तू मकरंद नाहीस. बाबाही म्हणू नकोस मला," बाबा म्हणाले, आणि त्यांची पावलं दूर गेली.

हातात तलवार आली. संबळ कडाडला.

घुंगरू वाजले. इकडून... की तिकडून? संबळाच्या आवाजात काही समजेना. मकरंदनं आपल्या अंगठ्यांकडं पाहिलं. अंगठे कापत होते.

"उजवीकडं! आई, उजवीकडं सर!"

एका बाईचा आवाज. तो उजवीकडं सरला. जिथं होता तिथून काहीतरी सपकन गेलं. वारा लागला दंडाला.

"मागं आला, आई! वळ, वळ!"

"थांब गं, पुढं धोंडा आहे!"

"मार आता! डावा हात टाक, डावा!"

सगळं खळं ओरडत होतं. त्या हंगामात हे त्याला नुसतं किंचाळणं वाटलं होतं. म्हातारी बायजा तर घसा फुटेस्तोवर, जशी पोटची पोर पुरात सापडलीय. मकरंद त्यांच्या आवाजांना धरून सरकत होता, आंधळा भिंत धरून चालतो तसा. भीतीनं कपडे अंगाला चिकटले होते. आणि भोवतीची माणसं त्याच्याहून जास्त भ्यायली होती.

आता इथपर्यंत ठीक होतं. पण माणसाची जात! जरा तग धरला की अक्कल सुचते.

मकरंदला सुचली. त्यानं हनुवटीखालून अंगठा घातला आणि ओठाची फट डोळ्यांसमोर येईल एवढा मुखवटा वर उचलला.

लख्ख दिसलं. खळं, संबळ, माणसं. आणि तो आंधळा देवराम, हवेत तलवार फिरवणारा.

मग काय विचारता! वार आला की हा लीलया बाजूला. वळसा घेऊन मागे. एक गिरकी, वर आणखी एक गिरकी. मुंबईला नाच बसवणारे पाहिले होते त्यानं, सगळं काढून दाखवलं. असली देवी करंजपाड्यानं जन्मात पाहिली नसेल, असं त्याच्या मनात आलं.

"आई, डावी..." बायजा म्हणाली, आणि मध्येच थांबली.

मग दुसरा आवाज थांबला. मग तिसरा.

कुणी रागावलं नाही. एका गड्यानं विडी पेटवली. दोघी जणी म्हशीच्या आंबोणाचं बोलू लागल्या. एक बाई पदर सावरून उठली, "चला, चुलीवर भात आहे."

लहानूचा संबळ वाजत होता, पण नुसताच.

मकरंदच्या अंगावर सरसरून काटा आला. तलवारीनं नाही आला. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. नाशकाच्या त्या थेटरात, शेवटच्या रांगेत उभं राहून त्यानं ती ऐकली होती. 'छान आहे हो.'

त्याचा अंगठा आपोआप सुटला. मुखवटा खाली आला.

अंधार.

आता ओरडतील, त्याला वाटलं. त्यानं कान टवकारले.

कुणी ओरडेना.

आणि मग त्याला कळलं. त्यांना वाटतंय, ह्याला दिसतंय. दिसणाऱ्याला कोण वाट सांगतं?

घुंगरू जवळ आले. छुम. पुढून? छुम. पाठीत गार पाणी ओतल्यासारखं झालं. एक पाऊल टाकावं तर कुठं टाकावं? तलवार उचलावी तर कुठल्या अंगाला? छुम. देवरामाचा श्वास ऐकू आला, शिंगांच्या मुखवट्यातून येणारा, घोगरा, खराखुरा.

ओरडावं? पण ओरडायचं तरी काय? एवढा मोठा सिनेमावाला, ज्याच्या नावानं शिट्ट्या पडतात... त्यानं साऱ्या गावासमोर काय म्हणायचं?

छुम.

"मला दिसत नाही!"

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. लहान पोराचा होता.

"मला दिसत नाही! कुठं आहे तो?"

एक श्वास गेला. त्या एका श्वासात मकरंद मरून परत आला.

"खाली बस!" बायजाची किंकाळी खळं चिरत आली. "बस गं माझे माये, बस खाली!"

त्यानं अंग टाकलं. डोक्यावरून तलवार गेली आणि मुकुटावरचा मोरपिसांचा तुरा कापून घेऊन गेली.

आणि खळं उठलं. भाताला निघालेली बाई धावत परत आली. विडी फेकली गेली. "लोळ! डावीकडं लोळ!" "आता ऊठ, ऊठ आई!" "त्याची पाठ आहे तुझ्याकडं, घाल घाव!" मकरंदनं घाव घातला, तलवार आडवी धरून, त्या हंगामात पाहिल्याप्रमाणं पाठीवर नुसती टेकवली. देवराम धाडकन कोसळला.

लहानूनं संबळ असा बडवला की पलीकडच्या टेकडीनं ऐकावा.

बाया रडत होत्या. शेवट त्यांना पाळण्यापासून ठाऊक होता, आणि त्या रडत होत्या.

कुणीतरी गाठ सोडली. उजेड डोळ्यांत घुसला. समोर बायजा. तिनं त्याचं दाढी वाढलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "लागलं नाही ना गं तुला?"

त्यानं नुसती मान हलवली.

देवराम शिंगांचा मुखवटा काखेत मारून उठला. "काय हो मकरंदभाऊ, मधेच कुठं गेला होतात? मला माणसांचं ओरडणं काही ऐकूच येईना. म्हटलं, आज कुणाला तरी कापतो मी."

मकरंद खळ्याच्या कडेला जाऊन बसला. दिवस टेकडीवर टेकला होता. खिशातला फोन वाजला.

"हं, बोला," पलीकडून निर्माता. "राक्षस किती?"

"एकही नको. शेवट पुन्हा करतोय मी. शेवटाला काजव्याला दिसायचं बंद होणार. सगळे बघताहेत आणि त्याला दिसत नाही. ते त्याला मोठ्यानं म्हणावं लागणार."

"काय?"

"आणि गल्लीतली माणसं त्याला वाट सांगणार."

"डोकं ठिकाणावर आहे का? एवढी ताकद दिली आणि आता आंधळा करता? तो ओरडेल 'मला दिसत नाही', आणि थेटरात कुणी चकार शब्द नाही काढला तर? सगळे तसेच बसून राहिले तर? सांगा ना, खैरनार! तर काय?"

त्यानं फोन छातीशी धरला आणि वळून पाहिलं. जिवाबाबा देवीचा मुखवटा तांबड्या फडक्यात गुंडाळत होते.

"बाबा, एखाद्या वर्षी माणसं ओरडलीच नाहीत तर?"

बाबांनी फडक्याची गाठ आवळली. ती ओढून पाहिली. मग म्हणाले,

"मग त्या वर्षी आई मरेल."