आडवी ठेवलेली बाटली

फार वर्षांमागे इटलीतल्या एका टेकडीवर बार्तोलोआजोबांचा लहानसा द्राक्षमळा होता. नात जन्मली त्या साली त्यांनी लाल वाइनच्या दोन बाटल्या तिच्या लग्नासाठी म्हणून तळघरात आडव्या ठेवल्या.

त्यातल्या एकीला काही कळेना. "बाकीच्या ताठ मानेने बाजारात गेल्या, मग मलाच आजाऱ्यासारखं का निजवलंय? माझं काय चुकलं?"

"तू आडवी राहिलीस तरच मी ओलं राहीन," तिच्या तोंडातलं बूच म्हणालं. "मी सुकलं, की हवा शिरलीच म्हणून समज."

तिला काही ते पटलं नाही.

तिसऱ्याच वर्षी आजोबांच्या जावयाला राहवेना. त्याने दुसरी बाटली वर नेली. हिला वाटलं, तिचं नशीब उघडलं! पण आठवड्याभरात ती व्हिनेगर भरून परत आली.

"काय झालं गं?"

"सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. म्हणाले, किती तुरट! वाइन ओतून दिली नि माझ्यात व्हिनेगर भरलं."

हिची तर मतीच गुंग झाली. तुरट तर ती स्वतःही होती.

वीस वर्षं मुरलेली ही बाटली नातीच्या लग्नात आजोबांनी उघडली. पहिला घोट घेऊन सगळे गप्प झाले. बाटली धास्तावली. "बुचा, सांग ना, माझं काय चुकलं?"

पण बूच कधीच निघालं होतं, आणि सगळे पेले पुन्हा तिच्यापुढे आले होते.