मिठाचा अर्ज

विषय : मुदपाकखान्यात घागरीऐवजी झारीने पाणी ओतण्याबाबत. अर्जदार : मडक्यातले मीठ.

फार पूर्वी एका राजाच्या मुदपाकखान्यात भांडी बोलत असत, आणि बोलत म्हणून त्यांची सभाही भरे. तिथली थोरली घागर एकदा कलली की रिकामी होईपर्यंत ओतत राही. समोर हंडा आहे की गडू, हे पाहण्याची तिच्या घराण्यात रीत नव्हती. गडू भरून वाहू लागला की उरलेले पाणी शेजारच्या मिठाच्या मडक्यात जाई.

"घागरबाई, गडूच्या काठाशी थांबत जा. मी विरघळतोय," मीठ म्हणाले.

"गडूने आपला आकार वाढवावा. मी राजाच्या आजोबांना पाणी पाजलंय," घागर म्हणाली.

"मी आधी भांडं बघते आणि काठाखाली थांबते," कोपऱ्यातली झारी म्हणाली.

सभेचे अध्यक्ष होते रांजण. ते जन्मात जागचे हलले नव्हते, त्यामुळे अनुभवी समजले जात.

"झारी चांगली आहे," ते म्हणाले, "पण घागर कुठे कुठे ओतते, त्याची आधी पाहणी व्हायला हवी. तोवर मिठाने स्वतःला कोरडं ठेवावं."

पाहणीचे काम जाणकार म्हणून घागरीकडेच गेले. तिने ते प्रत्येक ठिकाणी ओतून पाहत पूर्ण केले.

सुनावणीच्या दिवशी मडक्यात नुसते खारे पाणी होते. अर्जदार गैरहजर असल्याने अर्ज प्रलंबित आहे.