सोन्याची कुंडी आणि पोकळ फळ

एका राज्यात थंडी पाहुण्यासारखी येई आणि पाहुण्यासारखीच लवकर निघून जाई. तिथला राजा वीरध्वज शूर होता, पण दुसऱ्याच्या अंगणातले चांगले ते उचलून आणायची त्याला खोड होती. आपण केले तर चोरी. राजाने केले की दिग्विजय. असाच तो एकदा उत्तरेच्या बर्फाळ डोंगरावर गेला. तिथे धूम्रकेश नावाच्या जादूगाराच्या दारात दोन झाडे शेजारी शेजारी उभी होती. हेझलनटची. तुम्ही हल्ली दुकानातून आणून खाता ना, तपकिरी कवचाचे गोल फळ, त्याचीच. राजाने त्यातले धाकटे झाड मुळासकट उपटले आणि राणी पद्मजेला भेट द्यायला घोड्यावर घातले.

धूम्रकेश कड्यावरून ओरडला, "राजा, माझं झाड नेतोस? तुझी लेक लाकूड होईल. या झाडाचं भरलेलं फळ आपणहून तिच्या तळहातावर पडेल, त्याच दिवशी ती सुटेल."

राजा घरी पोचला तेव्हा राजकन्या इरावतीच्या पावलांवर साल चढली होती. झाडावर असते तशीच, खरखरीत.

मग राणीने काळजीचा पदर खोचला. झाडासाठी सोन्याची कुंडी घडवली. मंचकाशेजारी ठेवली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवेलागणीला पुन्हा पाणी. वारा नको म्हणून खिडक्या बंद, थंडी नको म्हणून शेगडी. त्याच दालनात इरावतीला बसवले, तिलाही वारा नको. राणी झाडाचे पान मोजी आणि लेकीचा श्वास मोजी, आणि दोन्हीत काही कमी पडले तर नाही ना म्हणून पुन्हा मोजी.

दर वर्षी पावसाच्या शेवटी झाडावरून चारदोन फळे पडत. राणी इरावतीचा हात खाली धरी. फळ तळहातावर पडले की ती ते वाडग्यातल्या पाण्यात सोडी. भरलेले फळ बुडते, पोकळ तरंगते. दर वर्षी फळ तरंगले आणि दर वर्षी साल वर चढली. आता ती कमरेपर्यंत आली होती.

"एक बरं आहे, आईसाहेब," इरावती म्हणाली, "आता मला कुणी 'सरळ बस' म्हणणार नाही."

"जीभ आवर," राणी म्हणाली आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

त्याच दिवशी खिडकीच्या फटीतून एक परीट पक्षी आत आला. काळा-पांढरा, शेपूट सारखी वरखाली. दर थंडीत हे पक्षी उत्तरेच्या डोंगरावरून येतात. तो कुंडीच्या काठावर बसला आणि बोलू लागला.

"राणी, झाड मारतेस तू."

"मी? मी याच्यासाठी झोपले नाही!"

"म्हणूनच. तीन कामं सांगतो. जमतील?"

"सांग."

"पहिलं. कुंडीला भोक पाड. मुळं बुडालीत."

राजा दारातच होता. तो गरजला, "सोन्याच्या कुंडीला भोक? माझ्या आजोबांचा मुकुट वितळवलाय त्यात!"

"महाराज, भाला द्या," राणी म्हणाली.

तिने स्वतःच्या हाताने कुंडीच्या बुडाला भोक पाडले. काळे, कुजके पाणी वाहू लागले. सगळ्या महालात दुर्गंध सुटला. राजा नाकाला शेला लावून निघून गेला. राणी हलली नाही.

परीट म्हणाला, "आता बोटाचं पेर मातीत घालायचं. कोरडं लागलं तरच पाणी."

सांगायला हे केवढेसे आहे! राणीचा हात आपोआप झारीकडे जाई. तेव्हा इरावती मंचकावरून म्हणे, "आईसाहेब, बोट." राणी बोट घाली. माती ओली असे. राणी झारी खाली ठेवी.

थोड्याच दिवसांत झाडाला बळ आले. मग परीट म्हणाला, "दुसरं काम. याला उत्तरेच्या बुरुजावर ठेव. उघड्यावर. थंडी लागू दे."

"मरेल!"

"थंडीशिवाय याला पुरती जाग येत नाही. पण आधी ते झोपेल. तेव्हा हात लावू नकोस."

राणीने कुंडी बुरुजावर नेली. पाने पिवळी झाली. मग गळू लागली. राणी एकेक पान ओच्यात गोळा करी. शेवटचे पान गळाले तेव्हा ती खाली येऊन भिंतीला टेकून बसली.

"मेलं गं, बाळ."

"झाड झोपलंय, असं परीट म्हणतो ना?"

"त्याचं काय जातं म्हणायला? त्याची लेक आहे का इथे बसलेली?"

एका पहाटे बुरुजावर दहिवर गोठले. राणीला राहवले नाही. तिने आपली शाल काड्यांना गुंडाळली, शेजारी शेगडी पेटवली. खाली आली तर साल इरावतीच्या खांद्यांपर्यंत चढलेली. हातही लाकडाचे झाले होते. तळहात तेवढे कोवळे उरले होते. राणी जिन्यावरून धावत वर गेली, शेगडी लाथेने उडवली, शाल ओढून काढली. आणि मग, शाल हातात असूनही, थंडीत तशीच उभी राहिली. आईने आणखी काय करायचे होते, सांगा मला.

थंडी सरता सरता त्या उघड्या काड्यांवर पिवळे तुरे लोंबू लागले, झालरीसारखे. कळ्यांच्या टोकाला तांबडे तंतू आले, इतके बारीक की राणीला आधी ते रक्तच वाटले.

"जागं झालं," परीट म्हणाला. "आता तिसरं काम. हे झाड आणि तुझी लेक धूम्रकेशाच्या दारात ने. एकट्या झाडाचं फळ पोकळच राहतं. दुसऱ्या झाडाच्या तुऱ्यांतली धूळ वाऱ्यावरून यावी लागते."

"हे आधी नाही सांगवलं तुला?"

"आधी सांगितलं असतं, तर कुजल्या मुळांचं झाड घेऊन धावली असतीस. ते फुललं असतं का?"

राणीने पालखी मागवली.

डोंगरावर पोचल्यावर तिने पाहिले: थोरल्या झाडाभोवती धूम्रकेशाने स्फटिकाची उंच भिंत घातली होती. आत पान हलत नव्हते. झाडाखाली फळांचा ढीग पडला होता.

धूम्रकेश काठी आपटत पुढे आला. "कशाला आलीस?"

"वारा मागायला. ही भिंत कशासाठी?"

"तुझा नवरा चोर आहे म्हणून."

"आहे," राणी म्हणाली. राजा पालखीमागे उभा होता, तो आणखी मागे सरकला. "आणि हा ढीग कसला? पोकळ फळांचा?"

धूम्रकेशाने ढिगातले एक फळ काठीने मागे सारले.

"तुला ठाऊक होतं, शहाण्या. शाप आम्हाला दिलास आणि उपाशी तूही राहिलास."

तेव्हा राजा पुढे आला. त्याने शिरपेच काढून जादूगाराच्या पायाशी ठेवला. "चुकलो. झाड परत आणलंय."

धूम्रकेशाने धाकट्या झाडाच्या तुऱ्यांवरून बोट फिरवले. मग त्याने काठी उगारली. स्फटिकाची भिंत खळकन कोसळली. वारा आत शिरला, तुरे झिंजाडले गेले आणि दोन्ही झाडांमध्ये पिवळी धूळ उडाली. इरावतीच्या पापण्यांवरही बसली.

इरावतीचा तळहात धाकट्या झाडाच्या फांदीखाली येईल असे तिला बसवून राणी तिथेच राहिली. उन्हाळा गेला, पाऊस पडला. फळाने हिरव्या चुणीदार झग्यातून डोके काढले. पण साल थांबली नव्हती. ती इरावतीच्या गळ्यापर्यंत आली आणि तिचा आवाज गेला. आता फक्त डोळे हलत.

फळ पिकले. तपकिरी झाले. पडेना.

राणीचा हात वर गेला. एक हिसका पुरला असता. इरावतीने डोळे मोठे केले आणि नुसते पाहिले. आपणहून, असे धूम्रकेश म्हणाला होता. राणीने हात खाली घेतला, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि त्यांच्यावर बसली. बसून राहिली. साल हनुवटीला लागली. राणी उठली नाही.

फळ पडले. इरावतीच्या तळहातावर, मधोमध.

राणीने ते वाडग्यात सोडले. फळ तळाशी गेले आणि टक्क वाजले.

साल तडकली. गळ्यावरून, खांद्यांवरून, पावलांवरून कोरड्या पापुद्र्यांसारखी गळून पडली. इरावती खोकली, तिने मान वळवून झाडाकडे पाहिले आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज फुटला.

"आईसाहेब, पाणी नाही ना घातलंत?"

"बोट घातलं," राणी म्हणाली. "ओलं आहे." आणि ती मोठ्याने रडू लागली.

थोरल्या झाडाची फळेही भरली. धूम्रकेशाने ती ओंजळभर खाल्ली, ओंजळभर राणीला पेरायला दिली. धाकटे झाड आपल्या जागी परत लागले. भोकाची सोन्याची कुंडी राजाने दरबारात सिंहासनासमोर ठेवली, आपल्याला रोज दिसावी अशी. परीट शेपूट हलवत उडून गेला. निरोप घ्यायची त्याला सवय नव्हती. महालाच्या खिडक्या उघडल्या त्या पुन्हा लागल्या नाहीत. इरावती हव्या त्या वाऱ्यात हिंडू लागली आणि राणी शाल घेऊन मागे धावायची उंबऱ्यापर्यंतच. त्या राज्यात आजही हे झाड कुणी मागितले तर एकटे देत नाहीत. मातीच्या दोन कुंड्या देतात, बुडाला भोक असलेल्या.

साल गळाली, गोष्ट पिकली, आपणहून पडली. मी तोडलेली नाही.